वाढपातली वारी

बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून दर वर्षी शितोळे सरकारांचे अश्व आळंदीच्या वाटेला लागतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची आजची शिस्त घालून दिली, तेव्हा शितोळ्यांनी या सोहळ्याला घोडे आणि तंबू पुरवायची जबाबदारी घेतली. पुढे राज्यं बदलली, सरदारक्या गेल्या, पण या घराण्यानं ती जबाबदारी खाली ठेवलेली नाही. देणाऱ्यांचा मागोवा घ्यायचा तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. कारण पंढरीच्या वाटेवर सहसा एकदाच देऊन कोणी मोकळं होत नाही. ज्यानं एकदा दिलं, त्याच्या घरात पुढच्या वर्षीही दिलं जातं.

का देतात? पुण्यासाठी, असं उत्तर पटकन मिळतं. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर भागत नाही.

1875 साली लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ पंढरपुरात न्यायाधीश होते. क्षेत्राच्या गावी तेव्हा विधवा येत, काही स्वतःहून, काहींना घरचे आणून सोडत. त्यांतल्या एखादीला दिवस गेले तर जन्मलेल्या मुलाला कोणीच वाली नसे. पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालचा, पण तो कागदावरच होता. अशा मुलांसाठी लालशंकरांनी पंढरपुरात आश्रम काढला आणि मुंबईच्या प्रार्थना समाजानं तो आपला मानून चालवला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी हेच दुखणं ओळखून 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. पंढरपूरचा आश्रम सुरू झाला आणि पाठोपाठ 1876-77 चा दुष्काळ आला. सोलापूर जिल्ह्याला त्याची झळ फार बसली, आणि निराधार पोरांचा प्रश्न विधवांपुरता राहिला नाही.

या आश्रमामागचे लोक मूर्तिपूजा मानणारे नव्हते. प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग म्हटले जात, पण विटेवरच्या मूर्तीपुढे हात जोडणं हा त्यांचा मार्ग नव्हता. तरीही विठोबाच्या गावात, विठोबाचे भक्त ज्यांच्याकडे पाहायला तयार नव्हते, त्या मुलांसाठी मुंबईतली ही माणसं पैसे पाठवत राहिली. समाजाचे वासुदेव बाबाजी नवरंगे यांचं नाव पुढे या बालकाश्रमाला मिळालं. आपण गातो त्या अभंगांशी आपलं वागणं जुळलं पाहिजे, ही टोचणी या देणाऱ्यांना असावी. धर्मामुळे माणूस खिशात हात घालतो त्याचं हे मला सर्वांत प्रामाणिक कारण वाटतं.

मग गाडगेबाबा. देबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म 1876, शेंडगाव. पंढरपुरात त्यांनी खराट्यानं गाव झाडलं, वाळवंटात कीर्तनं केली, पण देवळात ते दर्शनाला जात नसत. यात्रेत अस्पृश्य वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती. चोखोबाची समाधी महाद्वारापुढे, आणि चोखोबाच्या जातीचे लोक उघड्यावर. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पंढरपूरखेरीज देहू, आळंदी, नाशिक इथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या, आणि लाखोंचा पैसा उभा करणारा हा माणूस स्वतः मडक्यात मागून आणलेली भाकरी खात होता.

बाबांना लोकांनी इतकं का दिलं, याचं उत्तर त्यांच्या हिशेबात आहे. पैसा ते स्वतःकडे ठेवत नसत, तो विश्वस्तांच्या हाती जाई. घरच्यांनी त्या वास्तूंवर हक्क सांगू नये, याबद्दल ते कठोर होते. समोरचा माणूस यातलं काही खाणार नाही, ही खात्री पटली की आपल्याकडचा कंजूष माणूसही गाठ सोडतो. शिवाय बाबा एकट्या पैशावर कोणाला सोडत नसत. कीर्तनाला बसलेल्यांच्या हाती आधी खराटा आलेला असे. 1949 मध्ये चोखामेळा धर्मशाळेची वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंसाठी बांधलेलं घर शिकणाऱ्या मुलांच्या कामी आलं. ज्यांनी त्यासाठी पै-पैसा दिला होता, त्यांच्या दानाचं याहून चांगलं काय व्हायला हवं होतं?

काही वेळा जागा देणं हेच मोठं दान ठरतं. मे 1947 मध्ये हरिजनांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा गावात विरोध होता. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. तो दिला नसता तर ते दहा दिवस कसे गेले असते कोण जाणे.

देवळातल्या पेटीची गोष्ट वेगळी आहे. बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा 1973 चा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल जानेवारी 2014 चा. चाळीस वर्षं हा वाद चालला. त्या काळात पेटीत टाकलेला रुपया कोणाकडे जातो, हा प्रश्न खेड्यातल्या वारकऱ्यालाही पडत होता. पंढरीच्या वाटेवर अन्नदान इतकं वाढलं त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. पानात वाढलेली भाकरी कोणाच्या पोटात गेली ते देणाऱ्याला समोर दिसतं.

ही भाकरी कशी येते ते पाहायचं तर माळशिरस-पंढरपूर पट्ट्यातल्या एखाद्या वस्तीवर पालखीच्या आदल्या रात्री थांबावं. कोणत्या दिंडीला कोणी जेवायला घालायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि त्यानुसार घरागणिक भाकरी वाटून दिलेल्या असतात. पहाटे तीनला चुली पेटतात. भाकरी जुन्या धुतलेल्या लुगड्यात बांधून ओट्यावर ठेवतात, पोरं ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन ती गाठोडी गोळा करत फिरतात. मांडवात कढईभर पिठलं शिजत असतं आणि पाट्यावरचा ठेचा परातीत येतो. अशाच एका मांडवात सत्तरीच्या एक आजी खाली बसून भाकरीची चवड लावत होत्या. गुडघे गेलेले. मी विचारलं, "एवढं कशापायी करता?" त्या म्हणाल्या, "चालत जायची तवा लोकांनी मला वाढलं. आता चालवंना, तर माझी वारी हितंच."

हे मला त्या वाटेवर वेगवेगळ्या तोंडून ऐकू आलं. फोड आलेल्या पायांना तेल चोळणारे, चपला शिवून देणारे चर्मकार, फुकट दाढी करणारे नाभिक, औषधांची पेटी घेऊन बसलेले डॉक्टर, 2015 पासून ‘निर्मल वारी’त फिरत्या शौचालयांपाशी उभी राहणारी कॉलेजची पोरं. बहुतेकांना वारीत असायचं असतं आणि काही ना काही कारणानं पूर्ण चालता येत नाही. शेत, नोकरी, दुकान, म्हातारपण. सेवेनं त्यांना वारीत जागा मिळते. म्हणून स्वयंसेवक मिळत नाहीत अशी तक्रार इथे क्वचितच ऐकू येते.

2020 आणि 2021 मध्ये कोरोनामुळे पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वाटेवर जेवायला कोणीच नव्हतं. चालणाऱ्यांची वारी चुकली हे सगळे बोलले, पण वाढणाऱ्यांचीही चुकली होती. 2022 ला पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा या वस्त्यांवरची लगबग पाहून ते कळलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. आषाढीच्या त्या दिवसांत एकाच दिंडीला तीन-तीन ठिकाणी जेवणाचा आग्रह होतो, अन्न उरतं, द्रोण-पत्रावळ्यांचे ढीग लागतात, आणि फ्लेक्सवर दात्यांचे फोटो वाढत चालले आहेत. पंढरपुरातच नवरंगे बालकाश्रम आहे. तिथल्या मुलांना भाद्रपदातही जेवायचं असतं, माघातही. दिंडीसाठी गावागावांत भाकरी वाटून घेता येते, तर बालकाश्रमासाठी महिने वाटून घेता येतील. एका गावानं एक महिना घेतला, तरी बारा गावं पुरतात.