मागें राहिलेला गडी

आमच्या बहुतेक वाचकांस झांबिया ह्या देशाचें नांव मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकांतूनच ठाऊक असेल, आणि तेथेंहि त्याच्यापुढें ‘तांबें’ एवढा एकच शब्द लिहिलेला असावयाचा. २४ ऑक्टोबर १९६४ रोजीं इंग्रजांच्या उत्तर ऱ्होडेशियाचा स्वतंत्र झांबिया झाला, तेव्हां ह्या नव्या राष्ट्राची मदार खरोखरच तांब्याच्या खाणींवर होती. ह्याच खाणींच्या पट्ट्यांतील मुफुलिरा गांवीं त्यापूर्वीं सुमारें चौदा महिने, १६ ऑगस्ट १९६३ रोजीं, कालुशा ब्वाल्या ह्याचा जन्म झाला. तेथील फूटबॉलचे संघ खाणींच्या आश्रयानें वाढलेले. कालुशा अशाच संघांतून पुढें आला, आणि १९८५ सालीं बेल्जममध्यें व त्यानंतर चार वर्षांनीं हॉलंडांतील आइंडहोव्हेनच्या नामांकित संघांत धंदेवाईक खेळाडू म्हणून दाखल झाला.

जगास त्याचें नांव कळलें तें १९८८ सालीं, कोरियांतील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं. १९ सप्टेंबर रोजीं ग्वांगजू येथें झांबियाची गांठ इटलीशीं पडली. इटलीच्या गोलांत त्या देशांतील प्रख्यात गोलरक्षक ताकोनी उभा होता, आणि पुढें खेळणारे गडीहि मोठमोठ्या संघांतले होते. झांबियानें त्यांच्यावर चार गोल केले. त्यांपैकीं तीन एकट्या कालुशाचे. इटलीस एकहि करतां आला नाहीं. पुढें पश्चिम जर्मनीनें झांबियास तितक्याच गोलांनीं हरविलें हें खरें, परंतु त्या वर्षीं आफ्रिकेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कालुशास मिळाला, आणि १९९४ सालच्या जागतिक स्पर्धेस आपला संघ जाणार अशी आशा झांबियांतील घराघरांत उत्पन्न झाली. त्यापूर्वीं तो मान झांबियास कधींच लाभला नव्हता.

संघाच्या संघटनेपाशीं मात्र पैशाची सदाच टंचाई. साध्या उतारूंच्या विमानाचें भाडें परवडेना, म्हणून खेळाडूंनीं वायुदलाच्या मालवाहू विमानांतून प्रवास करावा असा प्रघात पडला होता. २५ एप्रिल १९९३ रोजीं मॉरिशसमध्यें सामना जिंकून संघ परतला, आणि लागलीच सेनेगालमधील डाकारकडे निघाला. लुसाकाहून डाकारला जाणें म्हणजे खंडाची एक बाजू सोडून दुसरी गांठणें. वाटेंत ब्राझाव्हील, लिब्रेव्हील व आबिजान येथें उतरावयाचें होतें. हें विमान त्यापूर्वीं कांहीं महिने नुसतें उभें होतें. २७ एप्रिलच्या रात्रीं गॅबनची राजधानी लिब्रेव्हील येथून उड्डाण केल्यावर त्याच्या डाव्या एंजिनानें पेट घेतला. आदल्याच दिवशीं मॉरिशसहून विमान हांकून आलेल्या थकलेल्या वैमानिकानें चालतें असलेलें उजवें एंजिन बंद केलें, आणि विमान किनाऱ्याजवळ समुद्रांत पडलें. आंतील तीसहि माणसें गेलीं. त्यांत अठरा खेळाडू होते, गोलरक्षक एफर्ड चबाला होता, आणि एके काळीं देशाचा सर्वांत मोठा गोल करणारा गडी म्हणून गाजलेला शिक्षक गॉडफ्रे चितालूहि होता. गॅबनच्या चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध होण्यास २००३ साल उजाडलें. वैमानिकाची चूक असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु दमलेल्या माणसास तें विमान हांकावयास ज्यांनीं बसविलें, त्यांच्या हिशेबाचें काय, असें आम्ही विचारतों.

कालुशा त्या विमानांत नव्हता. तो हॉलंडांत होता व तेथून परस्पर डाकारला जाणार होता. टेलिफोननें त्यास बातमी कळली. तेव्हां त्याचें वय अवघें एकोणतीस वर्षांचें. आपल्या एकत्र कुटुंबांत एखाद्या सांथीनें घरांतील कर्तीं माणसें एकदम गेलीं, तर परगांवीं चाकरीस असलेला एखादा मुलगा परत येतो आणि सुतक फिटण्यापूर्वींच त्यास घराचा कर्ता व्हावें लागतें. कालुशाचें तसेंच झालें. वीस-बावीस वर्षांचीं नवीं पोरें निवडलीं गेलीं. त्यांस डेन्मार्कमध्यें नेऊन तालीम देण्यांत आली, आणि त्यांच्यापुढें कप्तान म्हणून कालुशा उभा राहिला. गेलेल्या खेळाडूंस लुसाकांतील स्वातंत्र्य-मैदानाच्या शेजारींच पुरलें होतें.

४ जुलै १९९३ रोजीं त्याच मैदानावर मोरोक्कोशीं सामना झाला. थडग्यांपासून हांकेच्या अंतरावर खेळावयाचें, तेंहि अपघातास सवा दोन महिने पुरे होण्यापूर्वींच! मोरोक्कोनें पहिला गोल केला. उत्तरार्धांत झांबियास फ्री किक मिळाली, तेव्हां कालुशानें तो चेंडू थेट जाळ्यांत घातला. पुढें जॉन्सन ब्वाल्यानें आणखी एक गोल केला आणि सामना जिंकला. हा जॉन्सनहि परदेशीं खेळत असल्यामुळें वांचलेला. आमच्या मतें कालुशाच्या साऱ्या कारकीर्दींत ह्या एका गोलाची सर इटलीवरील तिन्ही गोलांस यावयाची नाहीं.

दैवानें मात्र घांस हातचा काढून घेतला. ऑक्टोबरांत कासाब्लांका येथें बरोबरी झाली असती तरी जागतिक स्पर्धेचें दार उघडणार होतें; तेथें झांबिया एका गोलानें हरला. पुढच्या एप्रिलांत ट्युनिस येथें आफ्रिकेच्या अजिंक्यपदाच्या अखेरच्या सामन्यांत लिटाना ह्यानें आरंभींच गोल केला, परंतु नायजेरियाच्या अमुनिकेनें दोन गोल करून तें यश हिरावलें. १९९६ सालीं झांबियास तिसरें स्थान मिळालें आणि त्या स्पर्धेंत सर्वांहून अधिक, म्हणजे पांच, गोल कालुशानें केले. २००४ च्या सप्टेंबरांत तो संघाचा शिक्षक होता व त्याचें वय एकेचाळीस होतें. लायबेरियाशीं सामना गोलावांचून संपत आलेला पाहून तो स्वतःच मैदानांत उतरला आणि फ्री किकवर विजयाचा गोल करून मोकळा झाला!

२००८ पासून २०१६ पर्यंत तो देशाच्या फूटबॉल-संघटनेचा अध्यक्ष होता. २०१८ सालीं पैसे घेतल्याच्या प्रकरणांत जागतिक संस्थेनें त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, व अपिलांत ती कमी झाली. गुणांचें वर्णन करतांना एवढें सांगणें आम्हांस भाग आहे. परंतु ह्या अध्यक्षपदाच्या काळांतच २०१२ साल आलें. आफ्रिकेची स्पर्धा त्या वर्षीं गॅबन व विषुववृत्तीय गिनी ह्या दोन देशांत वांटलेली होती. झांबियाचे सामने गिनींत होते. अखेरचा सामना मात्र लिब्रेव्हीलला. म्हणजे अखेरपर्यंत पोंचल्याखेरीज त्या गांवीं जाण्याचा योगच नव्हता. घानाविरुद्ध एकुलता एक गोल करून ज्या मायुकानें तो योग आणला, तो अपघाताच्या वेळीं अडीच वर्षांचाहि नव्हता.

लिब्रेव्हीलला पोंचल्यावर सर्व गडी कालुशासह समुद्रकिनाऱ्यावर गेले व त्यांनीं लाटांवर फुलें वाहिलीं. १२ फेब्रुवारी रोजीं गांठ आयव्हरी कोस्टशीं होती. त्या संघावर स्पर्धेंत तोंपर्यंत एकहि गोल झाला नव्हता. त्याच्या ड्रोग्बानें मात्र हातीं आलेली पेनल्टी वर मारून दवडली. जादा वेळ खेळूनहि गोल होईना, तेव्हां पेनल्टींवर निकाल ठरला. आपल्या गड्याची पाळी आली कीं झांबियाचीं बाकीचीं पोरें हातांत हात घालून गात होतीं. आठास सात अशी स्थिति करणारा अखेरचा चेंडू सुंझूनें मारला. कालुशा, आतां अठ्ठेचाळीस वर्षांचा, मैदानांत आला. जेथें विमान पडलें तो किनारा तेथून थोड्याच मैलांवर होता.