गिग तुम्ही शूट केली, पण फोटो कोणाचा?

अंबरनाथच्या शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलची रात्र संपली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून उल्हासनगर ते बदलापूर अनेकांच्या स्टोरीवर एकाच धाटणीचे फोटो दिसायला लागतात. मागे दिव्यांनी उजळलेलं मंदिर, पुढे धुराचा लोट आणि मधोमध माईक धरलेला गायक. राजकीय पेज, फॅन पेज, मीम पेज, सगळे ते उचलतात. फोटो काढणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी नसतं.

आता नाव नाही म्हणून चिडायचं की गप्प बसायचं? त्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारावा लागतो. तो फोटो कायद्याने तुमचा आहे का? उत्तर ऐकून अनेक नव्या फोटोग्राफर्सना धक्का बसतो.

आपल्या पट्ट्यात हे काम नेमकं कुठे आहे?

खासदार श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा फेस्टिव्हल या पट्ट्यातलं सगळ्यात देखणं 'लोकेशन' म्हणायला हरकत नाही. वालधुनी नदीकाठचं हे मंदिर शिलाहारांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे साल आहे. इतकी जुनी वास्तू स्टेजच्या मागे फुकटात मिळणारे फोटोग्राफर जगात थोडेच असतील. पण वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे ट्रायपॉड किंवा ड्रोन घेऊन जाण्याआधी परवानगीचं बघा.

फेस्टिव्हल असतो वर्षातून काही रात्री. उरलेलं वर्ष चालतं ते हळदीवर. अंबरनाथ-बदलापूरच्या गावांतल्या आगरी-कोळी हळदीला बँजो पार्टी किंवा लाइव्ह गायक नसेल तर ती हळद कसली! त्यात गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा आणि उल्हासनगरात सिंधी समाजाचे चेटीचंडचे कार्यक्रम धरा. यांना कोणी 'गिग' म्हणत नाही, पण अंधार, नाचणारी गर्दी, डोळ्यात घुसणारे लाइट आणि एका जागी न थांबणारा गायक, सगळं तेच. हळदीच्या मांडवात हात बसलेला माणूस मोठ्या फेस्टिव्हलला घाबरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मोठे फेस्टिव्हल म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून होणारं लोलापलुझा, २०१० साली पुण्यात सुरू झालेलं एनएच७ वीकेंडर किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे शो. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तिथेच झाले. आपल्याकडून तिथे जायचं तर कॅमेऱ्याची बॅग सांभाळत लोकल पकडायची आणि रात्री कल्याणपुढची शेवटची गाडी चुकणार नाही याचा हिशोब आधीच करायचा. एन्कोरचे फोटो की शेवटची कर्जत लोकल, हा इथला खरा प्रश्न आहे.

तीन गाणी आणि नो फ्लॅश

मोठ्या शोमध्ये स्टेज आणि पहिल्या रांगेच्या मधल्या पट्टीला 'पिट' म्हणतात. प्रेस फोटोग्राफरला तिथे साधारण पहिली तीन गाणीच उभं राहू देतात आणि फ्लॅश चालत नाही. जगभरात हा रिवाज रुळला आहे. तीन गाणी म्हणजे दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात सेटिंग शोधत बसलात तर संपलं.

म्हणून एफ २.८ ची लेन्स, आयएसओ १६०० ते ६४००, शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग, इथून सुरुवात करतात. लाल आणि निळ्या एलईडीत चेहऱ्याचा नुसता रंगीत डाग होतो, त्यामुळे रॉ फॉरमॅट हवाच. फोटोत आडवे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणलं की पट्टे बरेच कमी होतात. मागच्या एलईडी वॉलचं गणित वेगळं असतं, ती कधीकधी काही केल्या ऐकत नाही.

शास्त्रीय मैफलीचं तंत्र याच्या अगदी उलट. तिथे घाई नाही, पण शटरचा आवाजसुद्धा रसिकांना खटकतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव हे अशा फोटोंचं मोठं विद्यापीठ. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी टिपलेली गायक-वादकांची प्रकाशचित्रं दिनदर्शिका आणि प्रदर्शनांतून लोकांपर्यंत पोहोचली, तीही त्यांच्या नावासकट. गाणाऱ्याइतकंच फोटो काढणाऱ्याचंही नाव होऊ शकतं, हे त्यातून दिसतं.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७. त्यातलं कलम १७ पाठ करून ठेवा.

सर्वसाधारण नियम सोपा आहे. फोटो ज्याने काढला, तो त्याचा पहिला मालक. नोंदणी सक्तीची नाही, शटर दाबलं की हक्क तयार. पण याच कलमात अपवाद आहेत आणि आपलं बहुतेक काम त्या अपवादातच बसतं. कोणी मोबदला देऊन, त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे आयोजकाने पैसे दिले आणि मालकीबद्दल कोणीच काही बोललं नाही, तर फोटो आयोजकाचे. त्याने ते बॅनरवर लावले किंवा प्रायोजकाला दिले, तरी तुम्ही वेगळे पैसे मागू शकत नाही.

वर्तमानपत्रात पगारावर असाल तर छापण्यापुरता हक्क पेपरचा, बाकीचा तुमचा. तोही वेगळा करार नसेल तरच.

आणि सगळ्यात घोळाचा प्रकार म्हणजे 'पास देतो, फोटो दे'. पास हा मोबदला धरायचा का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं. भांडायची वेळ येण्याआधी दोन ओळी लिहून घेतलेल्या बऱ्या.

मालकी गेली तरी एक गोष्ट उरते. कलम ५७ प्रमाणे निर्मात्याला स्वतःचं कर्तृत्व सांगण्याचा हक्क आहे आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही तो जात नाही. त्यामुळे 'पैसे दिलेत, आता नाव कशाला' हे उत्तर ऐकून घ्यायची गरज नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. आज अंबरनाथला काढलेला फोटो तुमच्या नातवंडांच्याही कामाचा असू शकतो, म्हणून तो कोणाच्या नावावर राहतो याला महत्त्व.

बाहेर यावरून मोठी भांडणं झाली आहेत. जून २०१५ मध्ये टेलर स्विफ्टने कलाकारांना पैसे मिळावेत म्हणून ॲपलला जाहीर पत्र लिहिलं. लगेच ब्रिटिश फोटोग्राफर जेसन शेल्डन यांनी तिलाच जाहीर पत्र लिहून विचारलं, की मग तुमच्या शोमध्ये फोटोग्राफरांवर असले करार का लादता? पुढच्याच महिन्यात तिच्या टीमने करार सौम्य केला. त्याच सुमारास फू फायटर्स बँडच्या करारावर सही न करता कॅनडातल्या 'ल सोलेई' या वर्तमानपत्राने शोला फोटोग्राफरऐवजी चक्क व्यंगचित्रकार पाठवला. मला ही शक्कल फारच आवडली.

पैसे अडकले तर?

'पुढच्या इव्हेंटला ॲडजस्ट करू' हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. यावरचा उपाय फार कमी जणांना माहीत आहे. आधार क्रमांकावर उद्यम नोंदणी मोफत होते आणि एकटा फोटोग्राफरही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. मग २००६ चा एमएसएमई कायदा लागू होतो. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची असू द्या. हळदीवाल्या काकांवर हे शस्त्र काढायचं कारण नाही, तिथे निम्मे पैसे आगाऊ घेणं हाच मार्ग. इव्हेंट कंपन्यांसाठी मात्र ते कामाचं आहे.

आणि इअरप्लग घ्या. अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं. स्पीकरला खेटून तासन्‌तास उभं राहणाऱ्याचा हिशोब तुम्हीच करा.

राहिला प्रश्न लिहून काय घ्यायचं याचा. 'वेगळं काही ठरलेलं नसेल तर' हेच कलम १७ चे शब्द असल्यामुळे काम स्वीकारताना व्हॉट्सॲपवर इतकं पाठवलं तरी हाताशी पुरावा राहतो, ईमेल असेल तर आणखी चांगलं:

'फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. तुम्हाला तुमच्या सोशल मीडियावर आणि पुढच्या वर्षीच्या प्रसिद्धीत वापरायची परवानगी आहे. प्रायोजकांना किंवा इतर कोणाला द्यायचे असल्यास आधी विचारावं. प्रत्येक पोस्टमध्ये नाव टॅग करावं. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली फोटो मिळाल्यापासून १५ दिवसांत. मान्य असल्यास कळवा.'

समोरून 'ओके' येईपर्यंत तारीख बुक धरू नका. नुसता अंगठ्याचा इमोजी आला, तर 'हो म्हणून लिहा ना दादा' असं गोड बोलून लिहून घ्या.