फिरता कॅमेरा घेताना : जॉयस्टिक बरी की टच स्क्रीन?

दुकानात, गोदामात किंवा कारखान्यात कॅमेरा लावणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत रस्त्यांवरील कॅमेऱ्यांची निकड सर्वांना पटली आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांची योजना सुरू झाली. खाडीच्या या बाजूला नवी मुंबई महानगरपालिकेनेही शहरासाठी दीड हजारांच्या आसपास कॅमेऱ्यांची योजना आखली. त्यांत बहुतेक कॅमेरे स्थिर, थोडेच फिरते. ही वाटणी आपल्या व्यापारी बांधवांनी नीट ध्यानात घ्यावी. कारण तुर्भ्याच्या बाजारात काय किंवा महापे-रबाळ्याच्या कारखान्यांत काय, विक्रेता येतो तो नेमके उलटे सांगत, "शेठ, चार कॅमेरे कशाला? एक फिरता घ्या, चौघांचे काम करील!"

हे म्हणणे कितपत खरे आहे, ते पाहू.

एका वेळी एकच दिशा

फिरता कॅमेरा, ज्याला बाजारात पीटीझेड म्हणतात, तो आडवा पूर्ण ३६० अंश फिरतो, मान वर-खाली करतो आणि भिंगाच्या जोरावर लांबची वस्तू २०-३० पट जवळ आणतो. परंतु एका वेळी त्याला दिसते ते साधारण ६० अंशांतले. म्हणजे सहा हिश्श्यांपैकी एक हिस्सा नजरेसमोर, पाच हिस्से पाठीमागे. लांबचे जवळ आणले की ही नजर दोन-तीन अंशांपर्यंत आखडते. जे कॅमेऱ्याने पाहिले नाही ते रेकॉर्डिंगमध्येही सापडत नाही. कॅमेरा गल्ल्याकडे वळलेला असताना मागच्या दाराने कापडाची गाठ गेली, तर पोलिसांना दाखवायला हाती काहीच राहत नाही.

जॉयस्टिकची खुबी

जॉयस्टिकची दांडी डावी-उजवीकडे झुकवली की कॅमेरा तसा वळतो, पुढे-मागे केली की वर-खाली होतो आणि मूठ पिळली की चित्र जवळ किंवा दूर जाते. खरी खुबी वेगात आहे. दांडी थोडी झुकवली तर कॅमेरा सावकाश फिरतो, पूर्ण झुकवली तर झपाट्याने. पेल्को-डी या जुन्या संकेत-पद्धतीत हा वेग ० ते ६३ अशा आकड्यांनी कॅमेऱ्याला कळवला जातो. शिवणाऱ्या कारागिराचा पाय मशीन चालवत राहतो आणि नजर सुईवर असते. जॉयस्टिकचेही तसेच. हात दांडीवर, डोळे पडद्यावर. चालत्या माणसाचा किंवा टेम्पोचा माग काढायचा तर तिला तोड नाही. मात्र हात बसायला सराव लागतो.

टच स्क्रीनची सोय

टच स्क्रीनवर जिथे बोट टेकवाल ती जागा मध्यभागी येते, बोटाने चौकट ओढली की तेवढा भाग मोठा होतो. फाटक, गल्ला, माल चढवण्याची जागा असे कोन प्रीसेट म्हणून आधीच साठवून ठेवले, तर एका बोटाने हवी ती जागा समोर येते. नवखा गुमास्ताही हे तासाभरात शिकतो. पण माग काढताना बोट चित्रावरच आडवे येते आणि तेलकट हातांनी काच मळते. मोबाईलवरून पाहताना चित्र थोडे उशिरा पोहोचते. तेवढ्यात माणूस पुढे निघून जातो.

आधी माणसाचा हिशेब

तेव्हा प्रश्न उपकरणाचा नसून, समोर कोण बसणार याचा आहे. पडद्यासमोर पगारी माणूस बसणार असेल तर जॉयस्टिक घ्या. मालक दिवसातून दोन-चार वेळा नजर टाकणार असेल तर टच स्क्रीन पुरे. कोणीच बसणार नसेल तर फिरत्या कॅमेऱ्याचा नाद सोडा आणि दार, गल्ला व मालाच्या जागेवर स्थिर कॅमेरे लावा. मोठ्या आवारात स्थिर कॅमेऱ्यांच्या जोडीला एक फिरता, ही वाटणी उत्तम.

खरेदीच्या वेळी

कॅमेरा आणि नियंत्रक वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर दोन्ही ऑनव्हिफ मानकाचे आहेत का, हे विचारा. २००८ साली ॲक्सिस, बॉश व सोनी या कंपन्यांनी त्याची सुरुवात केली. जुन्या पद्धतीच्या आरएस-४८५ जोडणीत दोन तारांवर सुमारे १,२०० मीटरपर्यंत संकेत जातो. मात्र प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा क्रमांक हवा आणि दोन्ही टोकांना संकेताचा वेग सारखाच हवा. 'कॅमेरा हलत नाही' अशी तक्रार आली, की आपल्या वायरमन मुलांनी आधी हेच तपासावे.

कापडाच्या गोदामात तूस फार उडते. तिथे घासणारे संपर्क नसलेली, चुंबकावर चालणारी हॉल जातीची जॉयस्टिक अधिक टिकते. काही मिनिटे कोणी हात लावला नाही तर कॅमेरा आपोआप ठरल्या जागी परतेल अशी व्यवस्था करून घ्या, नाहीतर तो रात्रभर भिंतीकडे पाहत राहील. शेजाऱ्याची खिडकी कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत असेल तर तेवढा भाग कायमचा झाकण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती पहिल्याच दिवशी चालू करा. शेजाऱ्याच्या घराचा पडदा राखणे हे आपले कर्तव्यच आहे.

शेवटची गोष्ट कायद्याची. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी व नोंदणी सक्तीची झाली आहे. स्वस्तात मिळतो म्हणून नोंदणी नसलेला माल उचलू नका. पक्के बिल घ्या आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.