दोन फाकांची बासरी

आपली बासरी बांबूची. मधली पोकळी झाडानेच करून ठेवलेली असते. उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा, कोमांची अशा आदिवासी जमातींची बासरी मात्र बहुधा सीडरच्या भरीव लाकडाची. प्रेयसीला रिझवण्यासाठी तरुण ती वाजवीत. जाकोमो बेल्त्रामी या इटालियन प्रवाशाने १८२३ साली मिसिसिपीच्या खोऱ्यातून नेलेली अशी एक बासरी आजही इटलीत बेर्गामोच्या संग्रहालयात आहे.

लांब भरीव लाकडात हाताने सरळ भोक पाडणं कठीण. म्हणून लाकूड उभं चिरायचं, दोन्ही फाका कोरायच्या आणि पुन्हा जोडायच्या.

सुमारे ६० सेंमी लांब, ४ सेंमी जाड, बिनगाठीचा, नीट वाळलेला तुकडा घ्यावा. करवतीने चिरल्यावर आतल्या बाजू रंधून सपाट कराव्यात. एकमेकींवर ठेवल्या की फटीतून उजेड दिसता कामा नये. मग गोल पटाशीने प्रत्येक फाकेत २ सेंमी रुंद, १ सेंमी खोल पन्हळ कोरायची. पटाशी लाकडाच्या रेषांच्या उलट गेली की ढलपा उडतो, तेव्हा थोडं थोडं काढावं. तोंडाकडून १२-१५ सेंमीवर मात्र २ सेंमी लाकूड न कोरता तसंच ठेवायचं. फाका जुळल्यावर तिथे आडभिंत तयार होते.

सगळी कला या भिंतीपाशी आहे. वरच्या फाकेला भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन चौकोनी भोकं पाडायची. त्यांच्यामध्ये, भिंतीच्या डोक्यावर, जेमतेम १ मिमी खोल सपाट चर. चरावर लाकडी ठोकळा चामड्याच्या वादीने बांधतात. पुष्कळदा तो पक्ष्याच्या आकाराचा कोरलेला असतो. फुंकलेली हवा पहिल्या भोकातून वर येते, ठोकळ्याखालच्या चरातून पातळ होऊन सरकते आणि दुसऱ्या भोकाच्या पलीकडच्या धारेवर आपटते. तिथे ती कधी आत, कधी बाहेर वळत राहते आणि नळीतली हवा कंप पावू लागते. आपल्याकडे हे काम वादकाचे ओठ करतात, इथे लाकूड करतं. म्हणून नवखाही पहिल्या फुंकेला सूर काढू शकतो. ही धार आतून तासून पातळ करायची असते, त्यामुळे ते काम फाका चिकटवण्याआधीच उरकावं. बोटांच्या भोकांची घाई करणारे नेमके इथे वेळ वाचवतात, आणि मग बासरी नुसती फुसफुसते.

सरस लावून फाका दोरीने घट्ट आवळाव्यात. वाळल्यावर बाहेरून रंधून गोलाई द्यावी, पण ठोकळ्याची बैठक सपाटच ठेवावी.

आता सूर. बोटांची भोकं नसताना निघतो तो सर्वांत खालचा सूर. नळी मुद्दाम लांब ठेवून टोकाकडून जरा जरा कापली की तो चढतो. भिंतीपलीकडच्या चौकोनी भोकापासून शेवटापर्यंत सुमारे ४० सेंमी उरले, तर तो मध्य सप्तकातल्या काळी तीनच्या आसपास येतो. मग पाच-सहा भोकं, खालून वर. पूर्वी ती तापलेल्या सळईने पाडत. भोक आधी लहानच ठेवावं आणि गोल कानशीने वाढवत न्यावं. मोठं होईल तसा सूर चढतो. जुने कारागीर अंतरं बोटांच्या रुंदीने मोजत, म्हणून त्यांची बासरी पेटीशी जुळवायला जाऊ नये.

शेवटी लाकडाला तेल चोळावं, पण चरात नको. वाजवताना श्वासाची वाफ तिथे साचून आवाज घोगरा होतो. तेव्हा वादी सोडून ठोकळा पुसावा आणि पुन्हा बांधावा. तो केसभर पुढेमागे सरकवला तरी आवाज बदलतो, म्हणून योग्य जागी पेन्सिलीची बारीक खूण केलेली बरी.