पायाकडची बाजू

बायपासच्या ओटीत सगळ्यांची नजर छातीवर असते. मी पायाकडे उभा असतो. राहायला पेठ वडगावात, नोकरी कोल्हापुरात. सकाळी हायवेने शहर गाठलं की कामाचा पहिला तास रुग्णाच्या घोट्यापाशी जातो. आतल्या घोट्याच्या हाडाच्या जरा पुढे सॅफेनस नस असते. पोटरी, गुडघा, मांडी करत ती जांघेपर्यंत जाते. ती काढायची आणि हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून जोडायची. रेने फावालोरो यांनी 1967 साली क्लीव्हलँडमध्ये ही पद्धत रुजवली. त्याआधी बारा वर्षं त्यांनी अर्जेंटिनातल्या एका खेड्यात डॉक्टरकी केली होती. आपल्याकडची पहिली बायपास 1975 सालची, मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केलेली.

ही जोडलेली नस, म्हणजे ग्राफ्ट, किती वर्षं टिकणार, यातलं बरंचसं सर्जन टाका घालायच्या आधीच पायापाशी ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आदल्या संध्याकाळी रुग्णाला उभं करून पाय बघतो. आमच्या भागात कुणाचा जन्म उसाच्या फडात गेलेला, कुणाचा दुकानाच्या काउंटरमागे. पोटऱ्यांवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या नसा असतात. त्या ग्राफ्टला चालत नाहीत. वडगावकडच्याच एका मामांचे पाय बघत होतो, तेव्हा मामींनी विचारलं, “दादा, नस काढल्यावर पायाला रगत कुठनं परत जायचं वो?” खोलातल्या मोठ्या नसा असतात, त्या काम सांभाळतात, असं त्यांना सांगितलं. नसेत आत झडपा असतात आणि त्या रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून नस उलटी करून, घोट्याकडचं टोक महाधमनीला जोडतात, हेही सांगितलं. मामा लगेच म्हणाले, “म्हंजे फूट व्हॉल्व्हगतच की. उलटा बसवला तर पानी चढायचं न्हाई.” याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

कातडी उघडली की नस निळसर पांढरी दिसते. गुडघ्याखाली तिला लागूनच एक चेता जाते. तिला धक्का लागला तर घोट्याची आतली बाजू महिनोन्‌महिने बधिर राहते. नसेला चिमट्यात धरायचं नाही. धरायचंच तर वरच्या सैल पापुद्र्याला. बाजूच्या फांद्या एकेक करून बांधायच्या. गाठ नसेला फार चिकटून बसली तर नस तिथे आवळते, फार लांब बसली तर उरलेल्या खुंटात रक्त साकळतं. ओढाताण तर अजिबात नको. ओटीच्या दिव्याखाली ती सुकते, म्हणून वर ओलं गॉज हवंच.

एवढं जपूनही हात लागला की नस आखडते, सुतळीएवढी होते. तेव्हा सिरिंजने आत पाणी भरून ती फुगवायचा मोह होतो, आणि खरं नुकसान इथेच होतं. आडव्या माणसाच्या पायातल्या नसेत दाब असतो पाऱ्याच्या जेमतेम पाच-दहा मिलिमीटर. हाताने जोर दिला की तो 300च्याही वर जातो. नसेच्या आतून पेशींचा एकच थर असतो. रक्त गोठू न देणं आणि नस सैल ठेवणं ही त्याची कामं. तो थर फाटला की उघड्या भिंतीवर प्लेटलेट्स चिकटतात आणि पुढच्या महिन्याभरात ग्राफ्ट बंद पडू शकतो. म्हणून मी मोठी सिरिंज घेतो, कारण सिरिंज जितकी लहान तितका अंगठ्याखालचा दाब जास्त. हळू भरायचं, गळती दिसली तिथे बारीक प्रोलिनचा टाका घालायचा, आणि तिथेच थांबायचं.

काढलेली नस कशात ठेवायची, याचीही काळजी घ्यावी लागते. साधं सलाइन रक्तापेक्षा बरंच आम्ल असतं. त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास, रक्ताचा 7.4. म्हणून आम्ही हेपॅरिन घातलेलं रुग्णाचंच रक्त वापरतो. काही ठिकाणी पीएच सांभाळणारी खास द्रावणं वापरतात.

स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या डोमिंगोस सोझा यांनी तर नस भोवतालच्या चरबीसकटच काढायला सुरुवात केली आणि ती फुगवायची नाही असं ठरवलं. सोळा वर्षांनी तपासलं तेव्हा अशा नसा 83 टक्के उघड्या होत्या, नेहमीच्या पद्धतीच्या 64 टक्के. पण पुढे झालेल्या एका मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी फरक दिसला नाही, आणि पायाच्या जखमा मात्र जास्त चिघळल्या. मधुमेहाच्या रुग्णाच्या बाबतीत तो विचार आधी करावा लागतो. ग्राफ्ट म्हणून जोडलेली छातीतली धमनी दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत चालू असते, तर पायाच्या नसांपैकी जवळपास निम्म्या तोवर बंद किंवा अरुंद झालेल्या असतात. हा फरक सगळा आमच्या हातात नाही, पण जेवढा आहे तेवढा सोडायचा नाही.

घरी गेल्यावरचं कामही मोठं आहे. वडगावात लोक पायाची सूज दाखवायला घरीच येतात. पाय उशीवर ठेवा, मोजे घाला, जखम कोरडी ठेवा, हे सगळे ऐकतात. पण पोटात जळजळतं म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद करणारे बरेच असतात, आणि मिश्री न सोडणाऱ्या मावश्याही. मामी परवा हीच गोळी घेऊन आल्या होत्या, बंद करू का विचारायला. जळजळीवर वेगळी गोळी लिहून घेता येते, ही बंद करू नका, असं सांगून मी त्यांना सर्जनच्या ओपीडीचा वार सांगितला.