ई-रिक्षाची ऊर्जा : चार बॅटऱ्यांच्या जोडणीचे शास्त्र

दिल्लीतील मेट्रो स्थानकांपासून वसाहतींपर्यंतच्या प्रवासात ई-रिक्षाने महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सुरक्षिततेच्या कारणावरून या वाहनांवर बंदी घातली होती. त्यानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणि २०१५ मध्ये मूळ अधिनियमात दुरुस्ती होऊन त्यांना कायदेशीर चौकट लाभली. मोटारीची शक्ती कमाल २,००० वॅट व वेग ताशी २५ किलोमीटर, अशी मर्यादा त्या वेळी निश्चित करण्यात आली. या मोटारीला ऊर्जा पुरविण्यासाठी प्रचलित रचनेत १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या जोडलेल्या असतात.

एकसर की समांतर?

एकसर जोडणीत एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास जोडतात. त्यामुळे विद्युतदाबांची बेरीज होऊन ४८ व्होल्ट मिळतात. धारणक्षमता मात्र एका बॅटरीएवढीच राहते. समांतर जोडणीत दाब १२ व्होल्टच राहतो व धारणक्षमता चौपट होते. १०० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्यांत दोन्ही प्रकारे एकूण ऊर्जा ४,८०० वॅट-तासच असते. मग एकसर जोडणीच का निवडतात? १,००० वॅट शक्तीसाठी ४८ व्होल्टवर सुमारे २१ अँपिअर, तर १२ व्होल्टवर सुमारे ८३ अँपिअर धारा लागते. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा ऱ्हास धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच तारेत तो सोळापट होईल.

दुर्बल दुवा

एकसर जोडणीत सर्व बॅटऱ्यांतून समान धारा वाहते. त्यामुळे सर्वांत दुर्बल बॅटरी प्रथम रिकामी होते व इतर बॅटऱ्या तिच्यातून धारा रेटत राहिल्याने ती अधिकच बिघडते. साधा चार्जर केवळ एकूण दाब मोजतो. ही विषमता त्याला दिसत नाही. रोजच्या कमाईवर जगणारा चालक खर्च वाचविण्यासाठी एकच बॅटरी बदलतो, तेव्हा नव्या-जुन्यांच्या या मिश्रणामुळे संपूर्ण संचाचे आयुष्य घटू शकते. समान प्रकारच्या, समान क्षमतेच्या व समान वयाच्या बॅटऱ्या वापरणे आणि प्रत्येकीचा दाब स्वतंत्रपणे तपासणे, हाच उपाय होय.

कार्यशाळेतील उपयोग

छंद म्हणून बनविलेल्या लहान यंत्रांच्या मोटारींसाठी २४ व्होल्टचे दोन वीजपुरवठा संच एकसर जोडतानाही हीच दक्षता हवी. दोन्ही संचांचे ऋण टोक आतून भूमीशी जोडलेले असल्यास एका संचाचे लघुपरिपथन होते. म्हणून निर्गम भूमीपासून विलग असलेलेच संच निवडावेत. समांतर जोडणीत दाब किंचितही भिन्न असल्यास भार असमान वाटला जातो. त्यासाठी भारविभागणीची सोय असलेले संच आवश्यक ठरतात.

समारोप

निकामी बॅटरीतील शिसे आरोग्यास घातक असल्याने तिची विल्हेवाट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार होणे आवश्यक आहे. स्वच्छ वाहतुकीचे यश केवळ वाहनांच्या संख्येवर नव्हे, तर चालकापर्यंत पोहोचणाऱ्या अशा साध्या तांत्रिक ज्ञानावरही अवलंबून आहे.