पेट्रोलच्या मोटारीच्या जागी विजेची मोटार : आदेश की आगम?

विजेवर चालणारी वाहने पेट्रोलच्या मोटारींची आणि डीझेलच्या मालमोटारींची जागा घेऊ शकतील काय, हा प्रश्न बहुधा होय किंवा नाही एवढ्याच उत्तराच्या अपेक्षेने विचारला जातो. उत्तर देणारेही ती अपेक्षा पुरी करतात, आणि मग वाद यंत्रशास्त्राचा न राहता पक्षाचा होतो. या प्रश्नात वीज, पेट्रोल, मोटार या शब्दांची पुष्कळ चिकित्सा होते. 'जागा घेणे' या शब्दाची मात्र होत नाही. वस्तुतः सारा घोटाळा तेथेच आहे.

एकाची जागा दुसऱ्याने घेणे म्हणजे काय, याचा सर्वांत बारकाईने विचार भारतीय परंपरेत वैयाकरणांनी केलेला आहे. पाणिनीय परिभाषेत ज्याची जागा घेतली जाते तो 'स्थानी' आणि जो ती घेतो तो 'आदेश'. स्थानीला न हलविता त्याच्या शेजारी जो येऊन बसतो तो 'आगम'. परंपरेने आदेशास शत्रूची व आगमास मित्राची उपमा दिली आहे, ती सार्थच म्हणावी लागेल. मराठीतील 'जा' हा धातू पाहावा. 'जातो', 'जाईल', 'जावे' येथे तो स्वतः उभा आहे. भूतकाळी मात्र 'गेला' असे रूप होते. ऐतिहासिक दृष्ट्या हे रूप निराळ्या धातूच्या कुळातील असले, तरी आजच्या भाषेच्या वर्णनात 'गे' हा 'जा'चा आदेश होय. परंतु हा आदेश भूतकाळाचे निमित्त असेल तेथेच होतो. अन्यत्र 'जा' अबाधित राहतो. 'गे' हे 'जा'ची जागा घेऊ शकते काय, असे कोणी मोघमपणे विचारल्यास वैयाकरण प्रथम 'कोणत्या निमित्ताने?' असे विचारील. वाहनांच्या बाबतीतही हाच प्रश्न आधी विचारावयास हवा.

त्यापूर्वी एक गोष्ट बाजूस सारणे इष्ट आहे. विजेची मोटर आणि इंधनाचे इंजिन यांच्या गुणावगुणांचा सामना आता व्हावयाचा आहे, अशी अनेकांची समजूत दिसते. तो सामना केव्हाच निकालात निघालेला आहे. जेथे जेथे तार पोचली तेथे तेथे मोटरने इंजिनास हुसकावले. गिरण्यांत हे घडले, रेल्वेत घडले. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. महाराष्ट्रातील विहिरींवर तर हा सारा इतिहास एका शब्दात साठला आहे. मोटेच्या जागी तेलाचे इंजिन आले आणि खेड्यात वीज आल्यावर त्या इंजिनाच्या जागी विजेचा पंप बसला. शेतकरी या पंपास 'मोटार' म्हणतो, आणि तोच शब्द शहरात पेट्रोलच्या गाडीचे नाव होऊन बसला आहे. विहीर मात्र जागची हलत नाही. वाहन हलते, आणि तार त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. तेव्हा वाद मोटर आणि इंजिन यांच्यात नसून बॅटरी आणि इंधनाची टाकी यांच्यात आहे.

आरंभीच्या काळातही निकाल लावला तो याच भेदाने. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी दीड हजारांहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या, तर पेट्रोलच्या एक हजाराहूनही कमी. विजेची मोटार निःशब्द चाले, तिला धूर नसे आणि हाताने दांडा फिरवून ती सुरू करावी लागत नसे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा 'स्टार्टर' बसविण्यात आला आणि दांडा गेला. म्हणजे विजेची एक लहान मोटर व एक लहान बॅटरी ही पेट्रोलच्या मोटारीत आगम होऊन आली, आणि तिनेच विजेच्या मोटारीचा आदेश होण्याचा मार्ग बंद केला. तारेवर अवलंबून असलेल्या वाहनांचे पुढे काय झाले तेही मुंबईकरांनी पाहिले आहे. १९०७ पासून धावणारी विजेची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली आणि तिचे प्रवासी डीझेलच्या बसगाड्यांकडे गेले. येथे वीज हीच स्थानी होती आणि डीझेल हा आदेश. इतिहास एकाच दिशेने वाहतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

बॅटरी आणि टाकी यांत अंतर किती? एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. आजच्या मोटारीतील लिथियम बॅटरीच्या एक किलो वजनात, वेष्टनासह, सुमारे ०.१५ ते ०.२. हे अंतर साठ ते ऐंशी पटींचे आहे आणि नुसते एवढेच पाहिले तर चर्चा येथेच संपावी. पण पेट्रोलच्या ऊर्जेपैकी चाकापर्यंत चौथा हिस्सादेखील मुश्किलीने पोचतो. बाकीची उष्णता होऊन जाते. बॅटरीतील ऊर्जेपैकी चार-पंचमांश किंवा अधिक भाग कामी येतो, आणि गतिरोधनाच्या वेळी थोडी परतही मिळते. त्यामुळे व्यवहारातील अंतर सुमारे वीस पटींवर येते. साडेतीनशे किलोमीटर जाण्यास लहान मोटारीला पेट्रोल लागते १८-२० किलो, आणि बॅटरी लागते साडेतीनशे-चारशे किलोंची. हे ओझे थोडे नाही. तथापि इंजिन, गिअरपेटी, धुराड्याची नळी यांचे वजन वाचत असल्याने मोटारीस ते पेलवते. ऊर्जा भरण्याच्या वेगात मात्र पेट्रोलला तोड नाही. मिनिटाला ३५ लिटर पेट्रोल सोडणारी पंपाची नळी म्हणजे हिशेबाने १८ हजार किलोवॅटांहून अधिक शक्तीचा प्रवाह होय. घरातील भिंतीवर बसविलेले साधे उपकरण ७ किलोवॅट देते. हा भेद ज्याची मोटार रात्रभर दारात उभी असते त्याला जाणवत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याला तो फार जाणवतो.

दारात उभ्या राहणाऱ्या मोटारींचे काय होते, याचे उत्तर नॉर्वेने दिले आहे. तेथील प्रकरणाचा आरंभ काहीसा गमतीचा आहे. १९८९ साली 'आ-हा' या प्रसिद्ध गायकवृंदातील दोघे आणि 'बेलोना' या पर्यावरण-संस्थेचे फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालेल अशी करून घेतलेली एक फियाट पांडा मोटार देशात आणली आणि टोल न भरता ती फिरविली. दंड साचले, मोटार जप्त होऊन लिलावात निघाली. १९९० पासून विजेच्या मोटारींना नोंदणीकर माफ झाला, १९९७ मध्ये टोल, २००१ मध्ये मूल्यवर्धित कर. पेट्रोलच्या मोटारीवरील कर तेथे आधीच जबर असल्याने ही माफी म्हणजे किमतीतील मोठी तफावत भरून काढणारे साधन ठरले. प्रारंभी मात्र विजेची मोटार पुष्कळ घरांत दुसरी मोटार म्हणूनच आली, पहिली न हलविता. अर्थात् आगम म्हणून. पल्ला वाढला, हमरस्त्यांवर विद्युत्-भरणाची केंद्रे झाली, तेव्हा ती पहिल्या मोटारीच्या जागी बसू लागली. २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या आणि २०२५ साली हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेले. थंड प्रदेशात बॅटरीचा पल्ला घटतो हे खरे असूनही हे घडले आहे.

पण विक्री म्हणजे रस्ता नव्हे. नॉर्वेतील सुमारे २८ लाख मोटारींत विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींहून अधिक झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, साडेसात लाखांच्या थोडी वर. आणि त्या वेळीही डीझेलच्या मोटारी दहा लाखांच्या घरात होत्या. नव्या विक्रीत विजय मिळून गेल्यावरही जुन्या मोटारी आपले आयुष्य पुरे करीतच राहतात. भाषेत नवे रूप रूढ झाले तरी जुने रूप मागल्या पिढीच्या तोंडी टिकून असते, तसाच हा प्रकार.

आकडेवारीत आणखी एक फसगत होते ती स्थानी न ओळखल्यामुळे. भारतात विजेच्या वाहनांचा गवगवा मोटारींवरून होतो. परंतु संख्येने ती वाहने मुख्यतः दुचाकी व तीनचाकी आहेत. त्यांतील ई-रिक्षा दिल्लीत व उत्तरेकडील शहरांत प्रथम फोफावली आणि २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात तिला रीतसर स्थान मिळाले. तिने जागा घेतली ती बव्हंशी सायकल-रिक्षाची. चालकाच्या पोटऱ्यांचे श्रम वाचले ही गोष्ट क्षुल्लक नाही. किंबहुना पेट्रोल वाचण्यापेक्षा ती मोठी मानावी. मात्र वाचलेल्या पेट्रोलच्या हिशेबात प्रत्येक ई-रिक्षा मांडणे म्हणजे जो स्थानी तेथे नव्हताच त्याच्या जागी आदेश सांगणे होय.

मालमोटारींचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि तो 'मोठी मोटार' म्हणून सोडविता येत नाही. युरोपातील ४० टनी मालमोटारीस किलोमीटरमागे सुमारे १.३ किलोवॅट-तास वीज लागते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चालकाने साडेचार तास चालविल्यावर ४५ मिनिटे विश्रांती घेतलीच पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने साडेचार तासांत ३६० किलोमीटर होतात, म्हणजे ४७० किलोवॅट-तास. थोडी राखीव ऊर्जा धरली तर बॅटरीचे वजन साडेतीन ते चार टनांवर जाते. व्यापारी वाहनात वजन म्हणजे नुसते ओझे नव्हे. तेवढा माल कमी, तेवढे भाडे कमी. म्हणूनच धूर न सोडणाऱ्या मालमोटारींना एकूण वजनात दोन टनांपर्यंत सवलत युरोपात देण्यात आली आहे. राहिली भरण्याची गोष्ट. ४५ मिनिटांत ४७० किलोवॅट-तास भरावयाचे तर सहाशे किलोवॅटांहून अधिक शक्ती हवी, आणि एका तळावर अशा दहा गाड्या उभ्या राहिल्या तर एखाद्या लहान गावाएवढी मागणी एकाच जागी उभी राहते. यंत्र तयार आहे. रोहित्र आणि तार तेथवर पोचलेली नाही. म्हणजे विहिरीवर जो प्रश्न होता तोच पुन्हा हमरस्त्यावर आला.

येथे निर्णायक ठरतो तो चालकाच्या विश्रांतीचा नियम, ही गोष्ट यंत्राकडेच पाहणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. भारतातही मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ अन्वये पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती विहित करण्यात आली होती. ती किती पाळली गेली हा निराळा विषय. दोन चालक आळीपाळीने रात्रंदिवस हाकीत असलेली मालमोटार जोवर ढाब्यापलीकडे कोठे थांबत नाही, तोवर तिच्या जागी विजेची मालमोटार बसविणे म्हणजे वाहनाबरोबर कामाची रीतही बदलणे होय.

उलटपक्षी ठरलेल्या लहान मार्गावर जड वाहनालाही वीज मानवते. चीनमध्ये नव्या जड मालमोटारींत विजेच्या गाड्यांचा वाटा २०२५ साली एक-पंचमांशाच्या वर गेला, आणि त्यांना पहिला आश्रय मिळाला तो बंदरे, पोलाद-कारखाने, खाणी अशा ठिकाणी, जेथे रिकामी बॅटरी काही मिनिटांत काढून भरलेली बसविता येते. स्वित्झर्लंडमधील बीलजवळच्या पेरी येथे चुनखडीच्या खाणीतील एक प्रचंड डंपर बॅटरीवर चालतो. तो रिकामा चढावर जातो आणि भरलेला उतरतो. उतरताना वजनामुळे मिळणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते आणि चढण्यास लागणारा बहुतेक खर्च त्यातून भागतो. हीच खाण दरीत असती तर हिशेब नेमका उलटला असता.

आदेशास स्थानीचे गुणधर्म किती मिळतात, याविषयीही व्याकरणात नियम आहे : स्थानीला लागू होणारी कार्ये आदेशाला लागू होतात, मात्र जी कार्ये मूळ वर्णांवरच अवलंबून असतात ती होत नाहीत. विजेच्या मोटारीकडे पेट्रोलच्या मोटारीचा रस्ता, तिची कोंडी, तिचे अपघात आणि तिच्या टायरांची धूळ ही सर्व वारशाने येतात. इंधनावर अवलंबून असलेल्या गोष्टी तेवढ्या येत नाहीत. नळीचा धूर जातो; परंतु वीज कशाची, हा प्रश्न त्याच्या जागी येतो. नॉर्वेची सुमारे नऊ-दशांश वीज जलशक्तीची, भारताची सुमारे तीन-चतुर्थांश कोळशाची. इंधनावरील करही जातो, आणि सरकारास तो अन्यत्र शोधावा लागतो : नॉर्वेने २०२३ पासून पाच लाख क्रोनरवरील किमतीस मूल्यवर्धित कर पुन्हा लावला आणि मोटारीच्या वजनावरही कर बसविला. सवलती कमी झाल्यावरही विक्री टिकून राहिली, हे तेथील अनुभवातील सर्वांत बोलके अंग आहे.

लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत आदेशावाचून आणखी एक शक्यता उरते, ती लोपाची. ७ जानेवारी २०२१ रोजी पश्चिम मालवाहतूक मार्गाच्या रेवाडी ते मदार या ३०६ किलोमीटरच्या भागावर दीड किलोमीटर लांबीची, कंटेनरांचे दोन थर वाहणारी गाडी विजेच्या इंजिनाने ओढली. अशा गाडीतील कंटेनर एरवी रस्त्याने गेला असता तर त्यास डीझेलची मालमोटार लागली असती. तिच्या जागी विजेची मालमोटार येत नाही. ती जागाच नाहीशी होते. उरते ते दोन्ही टोकांचे अंतर, बंदरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून गोदामापर्यंत, आणि तेवढे अंतर तोडून संध्याकाळी आपल्या तळावर परतणारी मालमोटार बॅटरीवर चालण्यास आज कसलीच यांत्रिक अडचण नाही.